परदेशातला घरखर्च: रकमेआधी तारीख लिहा

"तिथे महिन्याला किती लागतात?" देश बदलायचं ठरलं की हा प्रश्न आपण भेटेल त्याला विचारतो आणि कोणीतरी एक आकडा सांगतंच. मीही असा एक आकडा गाठीशी बांधून निघाले होते. गंमत म्हणजे तो बऱ्यापैकी बरोबर निघाला. तरीही पाचव्या आठवड्यात खात्यातली शिल्लक पाहून छातीत धस्स झालं. घडलं एवढंच होतं, की मी १२ तारखेला रुजू झाले आणि त्या महिन्याची पगाराची यादी १० तारखेलाच बंद झाली होती. पहिला पगार हातात पडायला ४७ दिवस लागले. तेवढ्यात अनामत गेली, भाडं गेलं, आणि नव्या घरात पहिल्या संध्याकाळी दिवा लावायला गेले तर छतातून नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या. बल्ब सोडाच, होल्डरसुद्धा आधीचा भाडेकरू काढून घेऊन गेला होता.

तेव्हापासून कोणी बजेटचं विचारलं की मी सांगते: वहीत रकमेच्या आधी तारखेचा रकाना आखा. पहिल्या वर्षी माणूस अडतो तो बहुतेक वेळा पैसे येण्याआधी जातात म्हणून. महिन्याचा खर्च थोडा इकडेतिकडे झाला तर निभावतं, तारीख चुकली तर उसनवारी करावी लागते, आणि नव्या देशात उसने मागायला ओळखीचं असतं कोण?

पुढचा सगळा हिशेब मी कुठल्याही एका चलनात केलेला नाही. महिन्याला हातात येणारा पगार १०० धरला आहे. तुमचा आकडा त्या जागी घालून गुणून घ्या.

आधी हातात किती येणार ते बघा

नोकरीच्या पत्रावरचा आकडा पाहून बजेट करू नका. तो बहुधा वर्षाचा असतो आणि करकपातीच्या आधीचा असतो. त्यातून आयकर, सामाजिक विमा, निवृत्तिवेतनाचा हप्ता आणि काही देशांत आरोग्य विमाही कापला जातो. बऱ्याच देशांच्या कर खात्यांच्या संकेतस्थळांवर पगार घातला की हातात किती येईल ते सांगणारं गणकयंत्र असतं. तेच वापरा. ओळखीच्या माणसाचा अनुभव इथे कामाला येत नाही, कारण त्याचं लग्न, मुलं, विमा, सगळंच वेगळं असतं आणि कर त्यावर ठरतो.

वार्षिक आकड्याला १२ ने भागण्याची सवयही सोडा. ऑस्ट्रियात बहुतेक नोकरदारांना वर्षाला १४ पगार मिळतात, दोन जादा पगार साधारण उन्हाळ्यात आणि वर्षअखेरीला. म्हणजे वार्षिक रकमेला १२ ने भागलं तर रोजचा महिना आहे त्यापेक्षा सुबत्तेचा दिसतो. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी दर दोन आठवड्यांनी पगार होतो, म्हणजे वर्षाला २६. त्यातले दहा महिने दोनदा पगार येतो आणि दोन महिने तीनदा. बजेट दोनवाल्या महिन्यावर बसवायचं, तिसरा आला की तो बाजूला.

पहिल्या एकदोन पगारांत कर जास्त कापला जाण्याची शक्यताही धरून चाला. नवा माणूस आला, कर क्रमांक अजून हातात नाही, आधीच्या नोकरीचे कागद नाहीत, अशा वेळी कर खातं सावधपणे जास्त कापतं. ब्रिटनमध्ये यासाठी तात्पुरता आपत्कालीन करसंकेत (पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा) लावतात. जादा गेलेले पैसे नंतर परत मिळतात. नंतर, हा शब्द वहीत ठळक लिहून ठेवा.

मनुष्यबळ विभागाला निघण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा. पगार कोणत्या तारखेला होतो? त्या महिन्याच्या यादीत नाव येण्यासाठी कोणत्या तारखेपर्यंत रुजू व्हावं लागतं? स्थानिक बँक खातं उघडेपर्यंत पगार कुठे जमा करणार? मी यातला दुसरा प्रश्न विचारला असता तर एक आठवडा आधी निघाले असते. स्थलांतराच्या खर्चासाठी कंपनी काही देत असेल तर ती रक्कम आगाऊ मिळते की पावत्या दिल्यावर, हेही त्याच पत्रात विचारून टाका. पावत्या दिल्यावर मिळणारे पैसे पहिल्या महिन्यात नसल्यासारखेच.

किमती कशा काढायच्या

लोकांनी भरलेल्या आकड्यांवर चालणारी तुलनेची संकेतस्थळं सगळेच बघतात. दोन शहरांत साधारण फरक किती, एवढं कळायला ती बरी. मोठ्या शहरासाठी शेकडो नोंदी असतात, लहान गावासाठी पाच-सहा, आणि आकडा मात्र दोन्हीकडे सारख्याच ऐटीत छापलेला असतो. क्रयशक्तीच्या तुलनेचे जागतिक बँकेचे आकडेही घरखर्चाला लावू नका. ते अख्ख्या देशाची सरासरी सांगतात. तुम्ही देशात राहणार नाही, एका गल्लीत राहणार आहात.

व्हिसासाठी सरकार जी किमान रक्कम मागतं ती मात्र पाहून ठेवण्यासारखी. जर्मनीत शिकायला जाणाऱ्याला १ सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो सहसा गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. ऑस्ट्रेलियाने १० मे २०२४ पासून हा आकडा वर्षाला २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर केला. या रकमांत शहराचा फरक धरलेला नसतो, म्हणून महागड्या शहरात त्या अपुऱ्या पडतात. त्यांना तळ समजा. तुमचं बजेट त्याखाली येत असेल तर काहीतरी विसरलं आहे.

खरे आकडे दोन ठिकाणी मिळतात. पहिलं ठिकाण म्हणजे घरांच्या जाहिराती. तुमच्या कामाच्या जागेपासून पाऊण तासाच्या अंतरातली वीस घरं बघा, भाडी चढत्या क्रमाने लिहा आणि मधला आकडा घ्या. सरासरी काढू नका, एखाद्या आलिशान घराने ती फुगते. सगळ्यात स्वस्त घराकडे तर बघूच नका. ते एक तर गेलेलं असतं, नाहीतर अस्तित्वातच नसतं.

दुसरं ठिकाण म्हणजे तिथल्या सुपरमार्केटचं ऑनलाइन दुकान. ही माझी आवडती युक्ती. गेल्या महिन्यात घरात जे जे आणलं त्याची तीसेक वस्तूंची यादी करा: धान्य, तेल, दूध, भाज्या, साबण, टूथपेस्ट, कपडे धुण्याची पावडर, कचऱ्याच्या पिशव्या, सगळं. मग ती यादी तिथल्या दुकानाच्या टोपलीत भरा, पैसे न देता. शेवटी खाली आलेली बेरीज हा तुमच्या स्वयंपाकघराचा पहिला प्रामाणिक अंदाज. टोपली भरताना आणखी एक गोष्ट कळते, कुठल्या चार वस्तू तिथे भलत्याच महाग आहेत. त्या आठवड्यातून तीनदा लागणाऱ्या असतील तर आत्ताच पर्याय शोधायला घ्या.

या टोपलीत दोन फसगती आहेत. युरोपीय संघात ग्राहकाला दाखवलेली किंमत करासकट असते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत विक्रीकर फळीवरच्या किमतीत धरलेला नसतो, तो गल्ल्यावर चढतो. आणि भाडं आठवड्याचं आहे की महिन्याचं हे नीट वाचा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जाहिरातीत आठवड्याचं भाडं लिहितात. त्याला चारने गुणून महिन्याचं भाडं काढणारे खूप भेटतात. वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नव्हे. आठवड्याचं भाडं गुणिले ५२, भागिले १२. चारने गुणलं तर वर्षाला चार आठवड्यांचं भाडं हिशेबातून गायब होतं.

भाडं म्हणजे नुसतं भाडं नसतं

घरखर्चात सगळ्यात मोठा आकडा हाच, म्हणून इथे वेळ घालवा. जाहिरातीतला आकडा पाहिला की सहा गोष्टींची चौकशी करायची: यात घर तापवण्याचा खर्च आहे का, पाणी आहे का, वीज आहे का, कचरा आणि जिन्याची साफसफाई आहे का, राहणाऱ्याने भरायचा स्थानिक कर वेगळा आहे का, आणि घरात काय काय आहे.

जर्मनीत भाड्याला दोन नावं आहेत, थंड भाडं आणि गरम भाडं. थंड म्हणजे नुसत्या चार भिंती. गरम म्हणजे तापवणं, पाणी वगैरेंसकट. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याच्याही बाहेर. आणि गरम भाड्यातला हा जादा भाग म्हणजे आगाऊ अंदाज असतो. वर्ष संपल्यावर खऱ्या वापराचा हिशेब होतो, आणि तो भाडेकरूला द्यायला मालकाला आणखी १२ महिन्यांची मुदत असते. म्हणजे या हिवाळ्यात खोली जास्त तापवली तर त्याचं बिल पुढच्या वर्षाच्या शेवटी दारात येऊ शकतं, तोवर तो हिवाळा आपण विसरलेलोही असतो. अशा बिलासाठी दर महिन्याला थोडे बाजूला टाकायचे.

इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, सहसा घरमालक भरत नाही, राहणारा भरतो. घर कोणत्या गटात बसतं हे १ एप्रिल १९९१ च्या किमतीवरून ठरतं, ए ते एच असे आठ गट आहेत. त्यामुळे एकाच रस्त्यावर सारख्याच भाड्याच्या दोन घरांचा कर वेगळा असू शकतो. पत्ता घातला की गट सरकारी संकेतस्थळावर दिसतो, घर पसंत करण्याआधी बघून घ्या. एकटी प्रौढ व्यक्ती राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते. कर सहसा दहा हप्त्यांत, एप्रिल ते जानेवारी, भरायचा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हप्ता नसतो. त्या दोन महिन्यांत हा खर्च दिसतच नाही आणि एप्रिलमध्ये तो धाडकन समोर उभा राहतो. तारखेचा रकाना म्हणतात तो यासाठी.

अनामत किती मागता येईल यावर पुष्कळ ठिकाणी कायद्याची मर्यादा असते आणि ती माहीत असलेली बरी. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने, वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही. जर्मनीत मर्यादा तीन महिन्यांच्या थंड भाड्याची, आणि ती रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता घर ताब्यात मिळताना. हे मालक सांगत नाही. पहिल्या दोन महिन्यांत हा हक्क वापरला तर केवढा तरी श्वास मिळतो.

फर्निचरसकट घर महाग दिसतं, तरी पहिल्या वर्षी मी तेच घ्या म्हणेन. रिकामं घर म्हणजे काही देशांत अक्षरशः रिकामं, स्वयंपाकाचा ओटासुद्धा नसलेलं. गादी, टेबल, दोन खुर्च्या, भांडी, पडदे, दिवे असं करत करत वर्षभराचा भाड्यातला फरक पहिल्याच महिन्यात खर्च होतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण इथे अंथरूणच अजून विकत घ्यायचं असतं.

घर प्रत्यक्ष न बघता, किल्ली हातात न येता अनामत पाठवू नका. मालक परदेशात असल्याचं सांगून पैसे आधी मागणाऱ्या जाहिरातीला नवखा माणूसच बळी पडतो. यावर उपाय म्हणून पहिल्या तीन आठवड्यांच्या तात्पुरत्या निवासाचे पैसे बजेटमध्ये सरळ धरून टाका. ते महाग पडतं, पण घाईत केलेल्या वर्षभराच्या कराराहून स्वस्तच.

महिन्याचं पान

आता वहीचं पहिलं पान. हातात येतात १००. एकट्या माणसासाठी मी साधारण अशी वाटणी मांडते: भाडं ३५, त्यावर वीज-पाणी-तापवणं आणि स्थानिक कर मिळून ५. किराणा १४. प्रवास ६. फोन आणि इंटरनेट ३. पगारातून कापला जात नसेल तर विमा ४. कपडे, केस कापणं, औषधं असं किरकोळ ५. बाहेर खाणं-फिरणं ६. आधीच्या देशातले हप्ते आणि घरी पाठवायचे १०. वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांसाठी ५. झाले ९३. उरतात ७.

सात पाहून तोंड वाकडं करू नका. पहिल्या वर्षी शिल्लक राहते हीच मोठी गोष्ट. पण भाडं ३५ च्या जागी ४५ धरून बघा, शिल्लक उणे तीन. म्हणून घराच्या बाबतीत "थोडं ताणू" म्हणणं सोपं असतं आणि नंतर वर्षभर किराण्यात काटकसर करत बसावं लागतं. किराणा कितीही आवळला तरी १४ चे १० होतील. भाड्यात एकदा केलेली चूक तेवढ्याने भरून निघत नाही.

आधीच्या देशातले खर्च लोक हमखास विसरतात. कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, कुलूपबंद घराची देखभाल, आणि जुना मोबाइल क्रमांक. हा क्रमांक बंद पडला तर बँकेचा ओटीपी येत नाही आणि आपल्याच खात्यासमोर आपण परके होतो. अगदी लहान खर्च आहे, पण तो चुकवू नका.

जोडीने जाणार असाल तर बजेट एका पगारावर बसतं का ते तपासा. दुसऱ्याला कामाचा परवाना असला तरी नोकरी मिळायला किती महिने लागतील ते कोणाच्याच हातात नसतं. मुलं असतील तर पाळणाघराची फी आणि प्रतीक्षायादी दोन्हींची चौकशी आधी करा. काही शहरांत ही फी भाड्याच्या जवळ जाते, आणि मग वरची सगळी वाटणी नव्याने मांडावी लागते.

पहिल्या ४७ दिवसांचं पान

हे पान बहुतेक जण करतच नाहीत. माझीच तारीख घेऊ. १२ तारखेला पोहोचलो, यादी १० ला बंद झाली, पहिला पगार पुढच्या महिन्याच्या २८ तारखेला.

१२ तारखेपासून तीन आठवडे तात्पुरता निवास: ४५. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला घर मिळालं, दोन महिन्यांच्या भाड्याची अनामत ७०. पहिल्या महिन्याचं भाडं आणि बिलं ४०. घर लावायला, फर्निचर असलं तरीही, ४०: भांडी, पांघरूण, थंडीचे कपडे, अडॅप्टर, इस्त्री, झाडू. किराणा दीड महिन्याचा २१. स्वयंपाकघर लागेपर्यंत बाहेरचं खाणं ६. प्रवास ९, कारण मासिक पास कसा काढायचा हे कळेपर्यंत सुटी तिकिटं काढली जातात. फोन ३. नोंदणी, दाखले, कागदपत्रांची भाषांतरं आणि विमा ६. जुन्या देशातला हप्ता १०.

बेरीज २५०. म्हणजे एकही पगार हातात येण्याआधी अडीच पगार खर्च झालेले. त्यावर पाचवा हिस्सा, ५०, अडीनडीला. एकूण ३००. तीन पगारांइतके पैसे रोख किंवा लगेच मिळतील असे सोबत असावेत, हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, तो असा तारखांवरून आला. तुम्ही १ तारखेला पोहोचलात आणि २८ ला पगार झाला तर हीच गरज बरीच उतरते. विमानाचं तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून दहा दिवस उशिरा जाणं किती महाग पडतं ते या पानावर दिसतं.

त्या २८ तारखेच्या पगारात आधीच्या अपुऱ्या महिन्याचेही पैसे मिळून आलेले असतात, म्हणून तो फुगीर दिसतो. त्यावर खूष होऊन टीव्ही घ्यायला जाऊ नका. तीनच दिवसांत, १ तारखेला, भाडं कापलं जाणार आहे.

अनामत परत मिळते म्हणून तिला बचत समजू नका. घर बदलताना नवी अनामत आधी भरावी लागते आणि जुनी नंतर येते. म्हणजे मधले काही आठवडे दोन अनामती अडकलेल्या असतात. पहिल्या वर्षात घर बदलण्याचा विचार असेल तर हेही आत्ताच लिहा.

पहिल्या पानावरच्या शिलकीतून पुढे तीन महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी उभी करायची. नोकरी परीक्षणकाळात असते, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला असेल तर नोकरी जाणं म्हणजे परतीचं तिकीटही. म्हणून त्या तिकिटाचे पैसे वेगळे आणि हात न लावता ठेवलेले बरे.

विमा, आणि वर्षातून एकदा येणारी बिलं

आरोग्य विमा पुढे ढकलून पैसे वाचत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये राहायला आल्यापासून तीन महिन्यांत विमा घ्यावा लागतो, पण हप्ता आल्या दिवसापासूनचा लागतो. तिसऱ्या महिन्यात घेतला तर तीन महिन्यांचं बिल एकदम. तिथे प्रौढांना वर्षाला पहिले ३०० ते २,५०० फ्रँक स्वतःच्या खिशातून भरायची पायरी निवडता येते. पायरी उंच तर हप्ता कमी. ज्याच्याकडे २,५०० बाजूला ठेवलेले नाहीत त्याने कमी हप्त्याच्या मोहात पडू नये.

ब्रिटनमध्ये हा खर्च व्हिसाच्या अर्जाबरोबरच घेतात. फेब्रुवारी २०२४ पासून आरोग्य अधिभार प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे, विद्यार्थ्यांसाठी ७७६. आणि तो व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकरकमी भरायचा. तीन वर्षांच्या कामाच्या व्हिसाला दर प्रौढामागे ३,१०५ पौंड. चौघांचं कुटुंब असेल तर विमानात बसण्याआधीच केवढी रक्कम गेली ते तुम्हीच बघा.

बाकी वार्षिक खर्चांची यादी लहान आहे: घराच्या वस्तूंचा विमा, व्हिसाचं नूतनीकरण, प्रसारण शुल्क, करविवरणपत्र भरून घेण्याची फी, घरी एक फेरी. शेवटचा सोडून सगळे मिळून वर्षाचे किती होतात ते काढा आणि बाराने भागा. फेरीचं वेगळं खातं करा, नाहीतर ती बाकी सगळं खाऊन टाकते.

फोनचा करार पहिल्या तीन महिन्यांत करू नका, प्रीपेड सिम पुरे. युरोपीय संघात असा करार २४ महिन्यांपर्यंत बांधून ठेवू शकतो, आणि नव्या माणसाला तीन महिन्यांनी घर, शहर, कधी नोकरीसुद्धा बदलायची असते.

पैसे न्यायचे कसे

बँक "शुल्क शून्य" म्हणते तेव्हा ती दरात कमावते. बाजारातला मधला दर (खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधोमधचा) आणि तुम्हाला दिलेला दर यातला फरक हाच खरा खर्च. तुलना करताना एकच प्रश्न विचारायचा: माझ्या खात्यातून इतके गेले, तर तिकडच्या खात्यात नेमके किती जमा होतील? जो जास्त सांगेल तो स्वस्त. दोन बँकांच्या मधली तिसरी बँकही कधी कधी आपला वाटा कापते, म्हणून अनामतीसारखी नेमकी रक्कम पाठवताना थोडे वरचे धरा. ठरावीक शुल्क असेल तर लहान लहान रकमा वारंवार पाठवू नका. दर घसरेल की वाढेल याचा जुगार तर खेळूच नका, अनामतीचे पैसे ज्या चलनात द्यायचे त्या चलनात महिनाभर आधी करून ठेवले की झोप लागते.

दुकानातलं यंत्र किंवा एटीएम "तुमच्या देशाच्या चलनात भरायचं का?" असं मोठ्या आपुलकीने विचारतं. नेहमी नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. हो म्हटलं की रूपांतराचा दर यंत्रवाला ठरवतो, आणि तो सहसा तुमच्या बँकेच्या दराहून वाईट असतो.

मनातल्या मनात रूपांतर

पहिल्या महिन्यात प्रत्येक किमतीला जुन्या चलनाने गुणलं जातंच. त्याने दोन टोकं होतात. एक तर जुन्या हिशेबाने सगळंच महाग वाटून माणूस पोटाला चिमटा घेतो आणि आजारी पडतो, नाहीतर काहीतरी तुलनेने स्वस्त दिसलं म्हणून नको ते घेऊन येतो. पगार नव्या चलनात मिळायला लागला की रूपांतर थांबवा आणि तासांत मोजा. हातात येणाऱ्या पगाराला महिन्यातल्या कामाच्या तासांनी भागा. जोडे घ्यायचे आहेत? माझे किती तास? सहा तास असतील तर ठीक, वीस असतील तर परत ठेवा. हा मापदंड कुठल्याही देशात चालतो.

घरी पाठवायच्या पैशांचं मात्र रूपांतर करावंच लागतं. तिथे शक्यतो नव्या चलनातली रक्कम ठरवून सांगा. घरच्यांना दर महिन्याला जुन्या चलनात ठरलेला आकडा कबूल केला तर नव्या चलनाचा दर पडल्यावर तो फरक तुमच्या किराण्यातून जातो.

रोजची नोंद, तीन महिने

पहिले ९० दिवस रोज रात्री पाच मिनिटं. चार रकाने: तारीख, रक्कम, कशासाठी, आणि "पुन्हा लागेल का". हा चौथा रकाना सगळ्यात उपयोगाचा. बल्बपुढे "नाही" लिहिलं जातं, बसच्या पासापुढे "दर महिन्याला", हिवाळ्याच्या बुटांपुढे "तीन वर्षांनी". महिन्याअखेरीला फक्त "दर महिन्याला" वाल्या ओळींची बेरीज केली की खरा मासिक खर्च दिसतो, आणि पहिल्या महिन्याच्या प्रचंड आकड्याने उगाच घाबरायला होत नाही. ॲप वापरा, वही वापरा, माझी तर पावत्यांच्या मागे लिहून डब्यात टाकायची सवय आहे.

खात्यातून आपोआप जाणाऱ्या रकमांच्या तारखा शक्य असेल तिथे पगारानंतरच्या पाच दिवसांत आणून ठेवा. फोन कंपनी, विमा कंपनी, वीज कंपनी, बहुतेक जण विचारलं तर तारीख बदलून देतात. मग पगारानंतर सहाव्या दिवशी खात्यात जे उरलं ते खरोखर तुमचं.

चौथ्या महिन्याच्या पहिल्या रविवारी जुनं पान फाडा आणि नवं लिहा. अंदाजाने लिहिलेल्या प्रत्येक आकड्याच्या जागी आता पावतीवरचा आकडा येईल. किराणा बहुधा उतरलेला असेल, कारण दुकानं कळलेली असतात. प्रवास एक तर निम्मा झालेला असेल, नाहीतर दुप्पट. फक्त तापवण्याचा आकडा तसाच ठेवा, त्याला अजून एक हिवाळा जायचा आहे.